पिकअप कुणाचा जास्त?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत क्लब हाऊसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलं आहे.)



या व्याख्यानमालेत मधुमेहावर डॉक्टर बोलून गेले, इच्छापत्रावर वकील बोलले. आता माझी पाळी. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक ट्रेडचा निदेशक होतो. तीसएक वर्षं मुलांना इंजिन खोलायला आणि पुन्हा जोडायला शिकवलं. मला सेक्रेटरींनी विचारलं, "सर, विषय काय देऊ?" मी म्हटलं, विषय आपल्या गणपतीतच ठरलाय.

झालं असं होतं. बी विंगमधल्या काकूंचा मुलगा आणि सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे जावई, दोघंही जर्मनीत नोकरीला. एक स्टुटगार्टला, दुसरे म्युनिकला. दोघंही गणपतीला आले होते. मुलाने तिकडे जुनी होंडा एस २००० घेतलीय. दोन सीटची, वरचं छत उघडणारी, अस्सल स्पोर्ट्स कार. जावयांकडे बीएमडब्ल्यू ३३० डी. चार दरवाजांची, डिझेलवर चालणारी, इंग्रज जिला सलून म्हणतात आणि आपण सेडान म्हणतो ती. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि विषय निघाला, पिकअप कुणाचा जास्त?

मुलगा म्हणाला, "डिझेल म्हणजे टेम्पो हो! स्पोर्ट्स कारशी कसली बरोबरी?" जावई शांत माणूस, पण त्यांनाही लागलं. ते म्हणाले, "हायवेवर माझ्या शेजारी ये, मग बोलू." पैज लागली. श्रीखंडाची. पंच म्हणून मला बसवलं. त्यावर मुलगा म्हणतो, "काका, तुम्ही डिझेलवाले, तुम्ही काय न्याय करणार!"

टेम्पोवाल्या वाक्याचा निकाल आधी लावतो. आपल्या पिढीच्या डोक्यात डिझेल कार म्हणजे अ‍ॅम्बॅसॅडर डिझेल. खडखडाट, काळा धूर, आणि घाटात मागे लागलेली रांग. ते चित्र खोटं नाही. पण १९३६ साली मर्सिडीजने २६० डी काढली तेव्हापासून डिझेल कार आहेत, आणि १९७८ मध्ये त्यांच्याच ३०० एसडीला टर्बो बसला तिथून सगळं पालटलं. २००६ च्या जूनमध्ये फ्रान्समध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत ऑडीच्या आर १० या डिझेल गाडीने जिंकली. बारा सिलिंडर, साडेपाच लिटरचं इंजिन. त्या शर्यतीत डिझेल गाडी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा टेम्पो हा शब्द पंचाने कामकाजातून काढून टाकला.

आता दोन्ही गाड्यांचे आकडे बघा. कंपनीने छापलेले आहेत. युरोपात विकली गेलेली एस २०००: दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, २४० अश्वशक्ती, पण कधी, तर ८,३०० आरपीएमला. टॉर्क २०८ न्यूटन मीटर, तोही ७,५०० ला. वजन साधारण १,२६० किलो. जावयांची ३३० डी २००५ नंतरच्या मॉडेलची: तीन लिटरचं टर्बो डिझेल, २३१ अश्वशक्ती ४,००० आरपीएमला. टॉर्क ५००, आणि तो १,७५० ते ३,००० च्या दरम्यान. वजन साधारण १,६०० किलो. शून्य ते शंभर किलोमीटरचा वेग गाठायला स्पोर्ट्स कारला ६.२ सेकंद, डिझेलला ६.७.

फरक अर्ध्या सेकंदाचा! माणूस शिंकला तरी तेवढा वेळ जातो. टॉर्क निम्म्याहून कमी असलेली गाडी पुढे कशी, हे जावयांना पटेना. आणि साडेतीनशे किलो जादा वजनाची गाडी इतकी चिकटून कशी, हे मुलाला पटेना.

इथे मी त्यांना पाणीटंचाईच्या वर्षाची आठवण करून दिली. तुम्हालाही आठवत असेल. टँकर खाली उभा, पंप बंद, आणि वर पाणी न्यायचं जिन्याने. आपल्या ए विंगचे एक तगडे गृहस्थ वीस लिटरची बादली घेऊन सावकाश चढायचे. अर्ध्या तासात चार खेपा, म्हणजे ऐंशी लिटर. आणि हाच मुलगा, तेव्हा आठवी-नववीत असेल, दहा लिटरचा डबा घेऊन पळत सुटायचा. अर्ध्या तासात आठ खेपा. तेही ऐंशीच लिटर. बादली केवढी, तो टॉर्क. खेपा किती, तो आरपीएम. आणि अर्ध्या तासात वरच्या पिंपात एकूण पाणी किती पडलं, ती अश्वशक्ती. घरातल्या बाईला पिंप भरल्याशी मतलब, बादली कुणाची का असेना.

या दोन गाड्यांचं गणित अगदी तसंच आहे. ताकदीच्या शिखरावर डिझेलचा टॉर्क चारशेच्या आसपास, चार हजार आरपीएमला. होंडाचा दोनशेच्या आसपास, आठ हजारांवर. एकाची बादली दुप्पट, दुसऱ्याच्या खेपा दुप्पट. होंडा नऊ हजारांपर्यंत फिरते, त्यामुळे गिअर छोटे ठेवता येतात आणि छोटा गिअर चाकाशी टॉर्क वाढवून देतो. दुसऱ्या गिअरमध्येच ती शंभर ओलांडते. डिझेल इंजिनाचे भाग जड, त्यात इंधन जळायलाही वेळ लागतो, म्हणून ते तेवढं फिरत नाही. त्याला गिअर लवकर बदलावे लागतात. त्यात वजन जास्त. तो अर्धा सेकंद तिथे गेला.

पण मुलांचं समाधान कागदावर होत नाही. तिकडे परत गेल्यावर दोघांनी आपापल्या गाडीत, आपापल्या गावी, मोकळ्या रस्त्यावर फोन लावून स्पीडोमीटरचे व्हिडिओ काढले. एकमेकांशी शर्यत लावायची नाही ही अट मी घातली होती, आणि तिकडे तो गुन्हाही आहे. मी त्यांना सांगितलं, शून्य ते शंभर सोडा. सहावा गिअर, ताशी ऐंशी, तिथून पाय दाबा आणि एकशेवीसला किती वेळ लागतो ते मोजा. गिअर बदलायचा नाही. जर्मन मोटार मासिकं ही चाचणी नेहमी घेतात, तिला ते एलास्टिसिटेट म्हणतात. आपल्याकडे जाहिरातीत ती कधी दिसत नाही.

जावयांच्या डिझेलला सात सेकंदांच्या आसपास लागले. स्पोर्ट्स कारला बारा! मुलाचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. काटा असा वर चढत होता जसा आपल्या लिफ्टचा आकडा लोड शेडिंगनंतर चढायचा. कारण सरळ आहे. सहाव्या गिअरमध्ये ताशी ऐंशीला होंडाचं इंजिन जेमतेम २,६०० ला फिरतं. म्हणजे छोटा डबा आणि खेपाही कमी. डिझेल मात्र तिथे आपल्या भरल्या बादलीवर असतं.

मुलाने लगेच दुसरा व्हिडिओ पाठवला. तीच गाडी, तोच रस्ता, पण तिसरा गिअर. इंजिन ४,७०० वरून सुरू झालं आणि सात हजारांच्या पुढे ओरडत गेलं. पाच सेकंद. मग जावयांनीही चौथा टाकून पाहिलं, तेही पाचाच्या आसपास आले.

आता बघा. गाडी बदलली तर फरक अर्धा सेकंद. गाडी तीच ठेवून गिअर बदलला तर सात सेकंद. मी दोघांना फोन करून एवढंच सांगितलं की तुमचं भांडण चुकीच्या गोष्टीवर चाललंय. पिकअप गाडीचा नसतो. त्या क्षणी इंजिन कुठे फिरतंय, त्याचा असतो.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, त्याचं कारण आजवर या सोसायटीत कुणालाच सांगितलेलं नाही. सौ. समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीने सांगतो.

बरीच वर्षं झाली. आम्ही गणपतीला गावी निघालो होतो, रत्नागिरीकडे. नवीन डिझेल सेडान घेऊन चार महिने झाले होते. मी वर्गात मुलांना टर्बो शिकवणारा माणूस, त्यामुळे गाडीविषयी जरा जास्तच अभिमान. दोन्ही मुलं मागच्या सीटवर झोपलेली. माणगाव सोडून महाडच्या दिशेने चाललो होतो. तेव्हा तो रस्ता दुपदरी, पावसाने कडा खचलेल्या. पुढे एक टँकर, ताशी पन्नासने. मी त्याच्या मागे दहा-पंधरा मिनिटं. समोर थोडा सरळ पट्टा दिसला. लांब एक ट्रक येताना दिसत होता, पण मला वाटलं, होईल. गाडीत जोर आहे.

मी चौथ्या गिअरमध्ये होतो. काटा पंधराशेच्या खाली. उजवीकडे आलो, पाय पूर्ण दाबला, आणि काहीच झालं नाही.

म्हणजे इंजिन बंद पडलं नाही, गाडी चालत होती. पण जो धक्का मी गृहीत धरला होता तो आला नाही. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो फिरला की दुसऱ्या बाजूने जास्त हवा आत कोंबतो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो. आणि त्याच्या खाली लिहायचो की इंजिन संथ फिरत असेल तर धूर कमी, धूर कमी तर पंखा मंद, पंखा मंद तर हवा नाही. पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा जो खंड, तो टर्बो लॅग. परीक्षेत चार मार्कांना यायचा.

तो खंड दीड-दोन सेकंदांचा असेल. मी टँकरच्या मागच्या चाकांच्या बाजूला होतो आणि ट्रक मोठा होत होता. त्याने दिवे मारले. मग जोर आला, एकदम आला, आणि तो आला तेव्हा मला ब्रेक मारायचा होता. मी ब्रेक मारला, टँकरच्या मागे परत घुसलो, डावी चाकं खचलेल्या कडेवर गेली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. मागे मुलं झोपेतच होती.

सौ. काही बोलल्या नाहीत. महाडला चहाला थांबलो. अर्धा कप चहा झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही हे मुलांना शिकवता ना?"

मी हो म्हटलं. चूक गाडीची नव्हती. तिसरा टाकला असता तर काटा दोन हजारांच्या पुढे गेला असता आणि जोर पाय दाबल्याबरोबर मिळाला असता. किंवा थांबलो असतो. टँकर कुठे पळून जाणार होता?

घरी आल्यावर मी वहीत हिशेब मांडला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो. टँकरच्या मागून निघून त्याच्या पुढे सुरक्षित येईपर्यंत आपल्याला त्याच्यापेक्षा चाळीसएक मीटर जास्त कापावे लागतात. मागचं अंतर, टँकरची लांबी, आपली लांबी, पुढचं अंतर, सगळं धरून. टँकर पन्नासने जातोय, समोरून येणारा ऐंशीने. आपली गाडी दर सेकंदाला ताशी साडेतीन किलोमीटरने वेग वाढवत असेल, म्हणजे चुकीच्या गिअरमध्ये, तर जवळजवळ नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात आपण आणि समोरचा मिळून ३६० मीटर खातो. आपल्या मेन गेटपासून डी विंगच्या मागच्या भिंतीपर्यंत मी परवा टेप लावून मोजलं, १२० मीटर भरले. म्हणजे तशा तीन सोसायट्या एकापुढे एक. पावसात, वळणाच्या रस्त्यावर, इतकं लांबचं दिसतं का?

योग्य गिअर टाकला आणि जोर दुप्पट मिळाला, तर सव्वासहा सेकंद आणि सुमारे २७० मीटर. सव्वादोन सोसायट्या. आता गंमत पुढे आहे. जोर आणखी दुप्पट केला, म्हणजे एस २००० सारखी गाडी अगदी शिखरावर चालवली, तरी साडेचार सेकंद आणि २०० मीटर लागतातच. चौपट जोराने वेळ फक्त निम्मा होतो, कारण इथे वर्गमूळ येतं. शिवाय पहिल्या गाडीचा वेग टँकरच्या पुढे येताना ऐंशीच्या जरा वर असतो, तर या तिसरीचा एकशेपंधरा. पुढे वळण असेल तर तो वेग कुठे ठेवणार? आणि टर्बो झोपलेला असेल तर दीड सेकंदाला पन्नासेक मीटर आणखी, म्हणजे जवळपास अर्धी सोसायटी. माझ्या हिशेबात तीच अर्धी सोसायटी नव्हती.

मी हे मुलांना, म्हणजे माझ्या स्वतःच्या मुलांना, तेव्हा सांगितलं नाही. बापाची लाज वाटली असं म्हणा. आता मुलगा सून-नातवाला घेऊन त्याच रस्त्याने जातो. रस्ता आता खूप ठिकाणी रुंद झालाय, कशेडीला बोगदा झालाय, पण गावाकडे वळलं की शेवटचे पंचवीस-तीस किलोमीटर तसेच दुपदरी. गेल्या गणपतीत ती पैज लागली तेव्हा तोही इथेच उभा राहून हसत होता. त्या रात्री मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मला ट्रकचे दिवे आठवतात. मी झोपलो नव्हतो."

त्यामुळे आज हे सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं.

बोलण्याआधी काही जणांनी प्रश्न दिले होते, त्यांची उत्तरं थोडक्यात देतो.

"आमची ऑटोमॅटिक आहे, आम्हाला गिअरचं काय?" तुमचा गिअर गाडी बदलते, पण तुम्ही पाय पूर्ण दाबल्यानंतर. त्यालाही क्षणभर लागतो. उजवीकडे येण्याआधी मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्या, किंवा स्पोर्ट मोड असेल तर तो लावा. आधी रिकाम्या रस्त्यावर करून बघा.

"आमची साधी पेट्रोल गाडी आहे, टर्बो नाही." मग तुम्ही छोट्या डब्यावाले. तुम्हाला तर गिअर खाली टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. इंजिन ओरडलं की आपल्या लोकांना वाटतं गाडी खराब होतेय. नाही होत. लाल पट्ट्याच्या आत आहे तोवर ओरडू द्या. आपल्याकडे पेट्रोल वाचवायच्या सवयीने चढावरसुद्धा चौथ्यात गाडी रेटतात, ती सवय ओव्हरटेक करताना सोडा.

"इलेक्ट्रिक?" पार्किंगमध्ये आता सहा झाल्यात. त्यांना बादलीही मोठी आणि खेपाही झटपट, पहिल्या क्षणापासून. लॅग जवळजवळ नाहीच. त्यांचं उलटं सांगणं आहे. त्या इतक्या लवकर वेगात येतात की चालवणाऱ्याच्या आधी गाडी पोचते. पार्किंगच्या रॅम्पवर पाय हलका ठेवा, खाली मुलं सायकली फिरवतात.

"गाडीत पाच माणसं आणि सामान असेल तर?" हा प्रश्न ए विंगच्या ताईंचा, आणि सगळ्यात चांगला. चार माणसं आणि डिकीत सामान म्हणजे तीन-साडेतीनशे किलो. एस २००० आणि ३३० डी यांच्या वजनातला जो फरक, तोच तुम्ही गणपतीला जाताना आपल्या गाडीत घालता. एकट्याने ऑफिसला जाताना जी गाडी झटकन पुढे येते, ती त्या दिवशी येणार नाही. रोजच्या अंदाजावर त्या दिवशी जाऊ नका.

आता शेवटचं, कारण बी विंगच्या काकू मगापासून खूण करतायत. त्यांना विचारायचंय, जिंकलं कोण?

काकू, शून्य ते शंभरमध्ये तुमचा मुलगा, अर्ध्या सेकंदाने. सहाव्या गिअरमध्ये जावई, पाच सेकंदांनी. आणि गाडीत चार माणसं, मोदकांचं पातेलं आणि गौरीचं सामान घालून जायचं झालं तर तुमचा मुलगा स्पर्धेतच नाही, त्याच्याकडे सीट दोनच. पंचाने सामना बरोबरीत सोडवला आहे. दोघांनी तिकडून पैसे पाठवलेत, श्रीखंड मागच्या टेबलावर आहे. सी विंगवाल्यांनी आधी जाऊ नये, रांगेने घ्यावं.